डोळ्यातलं पाणी कोणाचं

ग्रंथींचं वर्गीकरण शिकवायला मला सगळं शरीर कधी लागलं नाही; एक डोळा पुरायचा. वरच्या पापणीचा उभा छेद घ्यायचा, हिमॅटॉक्सिलिन-इओसिननं रंगवायचा आणि स्लाइड आधी लो पॉवरखाली लावायची. बाहेरून कातडी, मधे स्नायू, आतून डोळ्याच्या गोळ्यावरून सरकणारं पातळ अस्तर. एवढ्याशा जागेत आणि तिच्या शेजारी बहिःस्रावी ग्रंथींचे, म्हणजे ज्यांचा स्राव रक्तात न जाता पृष्ठभागावर येतो अशा ग्रंथींचे, बहुतेक सगळे नमुने सापडतात.

आतल्या अस्तरात गॉब्लेट पेशी दिसतात. ही एकाच पेशीची ग्रंथी. तिला नळी नाही, साथीदार पेशी नाहीत. ती चिकट श्लेष्म भरून फुगते आणि तो तिथल्या तिथे सोडते. पापणीला ताठपणा देणाऱ्या पट्टीत उभ्या रांगेनं मायबोमियन ग्रंथी बसलेल्या असतात, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिख मायबोमनं १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. या तैलग्रंथी. यांची पेशी तेलानं भरत जाते, तिचं केंद्रक आक्रसतं, पडदा फुटतो आणि पेशी सबंधच्या सबंध स्रावात जमा होते. तळाशी नवी पेशी तयार होत असते, ती तिची जागा घेते. याला पूर्णस्रावी पद्धत म्हणायचं. पापणीच्या केसांपाशी मोलच्या ग्रंथी असतात. त्या खरं तर स्वेदग्रंथींचंच बदललेलं रूप. त्यांच्या पेशीचा फक्त वरचा भाग स्रावाबरोबर निखळतो, बाकीची पेशी शाबूत राहते.

आणि खोबणीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात मुख्य अश्रुग्रंथी. लांबी सुमारे २ सेंटिमीटर. पापणी उचलणाऱ्या स्नायूची पसरट कंडरा तिच्यात शिरून तिचे दोन खंड करते. हाय पॉवरवर पाहिलं की नळ्यांना फाटे फुटलेले दिसतात आणि फाट्यांच्या टोकांना पेशींचे गोल पुंजके, द्राक्षाच्या घडासारखे. म्हणून ही संयुक्त ग्रंथी. कानापुढच्या लाळग्रंथीसारखीच ही पातळ, पाणीदार स्राव देणारी. पेशी पिरॅमिडच्या आकाराच्या, टोकाकडे गुलाबी कण. हे कण पेशीच्या पडद्याला भिडतात, उघडतात, आतला माल बाहेर जातो आणि पेशीचं काहीच कमी होत नाही. प्रत्येक पुंजक्याभोवती आकुंचन पावणाऱ्या बारीक पेशींची मिठी असते, ती स्राव पुढे ढकलते. १०-१२ नळ्या वरच्या पापणीच्या आतल्या खोलगटीत उघडतात.

मुलं जर्नलमध्ये हे सगळं गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीनं काढतात. स्रवण्याच्या तीन तऱ्हांवर मात्र ती हमखास थबकतात: स्वतःतलं काही न गमावता देणारी पेशी, थोडं गमावून देणारी, आणि सगळंच देऊन टाकणारी. यावर दानाचं प्रवचन रचणारे वक्ते मी ऐकले आहेत. मला ते पटत नाही. पेशीला आपण देतोय हे ठाऊकच नसतं, आणि दानाचा प्रश्न देणाऱ्याला ठाऊक असण्यापासूनच सुरू होतो. शरीराकडून नीतीचे धडे वदवून घेण्याची घाई करू नये. शरीर त्याहून अवघड प्रश्न विचारतं.

तो प्रश्न मला अण्णांनी, माझ्या वडिलांनी विचारला होता. अण्णा नारदीय कीर्तन करत. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर ते उभे राहत तेव्हा उत्तररंगात पुढच्या रांगेतले म्हातारे पंचाच्या टोकानं डोळे पुसताना मी लहानपणापासून पाहिलेले. मी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षात असताना सुट्टीला घरी आले होते. अण्णांनी माझं जर्नल उघडलं, अश्रुग्रंथीच्या आकृतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काय गं, आनंदाची निराळी आणि दुःखाची निराळी, असं नाही का?"

"नाही अण्णा, एकच."

"आणि चुलीच्या धुरानं येतं ते?"

"तेही इथूनच."

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी उठून फडताळातून नाट्यशास्त्राची पोथी काढली आणि सातव्या अध्यायातला सात्त्विक भावांचा भाग उघडून माझ्यापुढे ठेवला. अश्रू कशानं येतात याची तिथे यादी आहे: आनंद, संताप, धूर, अंजन, जांभई, भय, शोक, पापणी न लववता पाहणं, थंडी, रोग. भरतमुनींनी धूर आणि शोक एकाच ओळीत बसवले होते. अण्णा म्हणाले, "त्यांना ग्रंथी दिसली नव्हती, पण पाणी एकच आहे हे ठाऊक होतं. मग भक्तीचं पाणी म्हणजे काय, हे तू सांग."

तेव्हा मी काही सांगू शकले नाही. प्रश्न असा आहे: कीर्तनात डोळे भरून येतात त्याला आपली परंपरा अष्टसात्त्विक भावांत मोजते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं, असे ते आठ. यातले दोन, घाम आणि अश्रू, सरळसरळ ग्रंथींचं काम. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी संजयाची अवस्था सांगितली आहे. अर्धवट उघडे डोळे आनंदाच्या पाण्यानं वाहतायत, केसांच्या मुळाशी घामाचे थेंब आलेत, आणि समोर धृतराष्ट्र मात्र ढिम्म बसलेला. आता जो स्राव मला कापून, रंगवून, नाव देऊन दाखवता येतो, तो भक्तीचं लक्षण कसा असेल? आणि असेल तर तीच ग्रंथी कांदा चिरतानाही स्रवते त्याचं काय करायचं?

ग्रंथीपर्यंत निरोप कसा पोचतो ते पाहिलं तर प्रश्न आणखी धारदार होतो. धुराची खबर डोळ्याच्या पृष्ठभागावरून ट्रायजेमिनल नर्व्ह मेंदूकडे नेते. शोकाची किंवा आनंदाची खबर मेंदूच्या वरच्या थरांतून, हायपोथॅलॅमसच्या वाटेनं खाली उतरते. या वाटा निरनिराळ्या, पण शेवटचा टप्पा सामाईक. दोन्ही खबरा मेंदूच्या तळच्या एकाच केंद्रात येतात आणि तिथून फेशियल नर्व्हमधल्या परानुकंपी तंतूंवाटे ग्रंथीत पोचतात. ग्रंथीच्या पेशीपाशी येतो तो अ‍ॅसिटिलकोलिनचा रेणू, आणि तो धुराचा की विरहाचा हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

याच फेशियल नर्व्हमध्ये आणखीही तंतू आहेत. डोळे घट्ट मिटणाऱ्या स्नायूला जाणारे तंतू माझ्या हुकमात आहेत. मी म्हटलं की डोळे मिटतात. ग्रंथीला जाणारे तंतू हुकमात नाहीत. डोळे कितीही घट्ट मिटले तरी म्हणेन तेव्हा पाणी येणार नाही. भक्तिशास्त्राच्या दृष्टीनं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भक्त टाळ वाजवतो, नाम घेतो, वारीला चालत जातो. हे सगळं त्यानं केलेलं असतं आणि त्याचा थोडा अभिमान मनात शिरायला वाव राहतो. अश्रू त्यानं केलेला नसतो. "मी केलं" हे म्हणायला जिथे जागाच नाही असं काहीतरी शरीरात आहे, आणि सात्त्विक भावांची यादी करणाऱ्यांनी नेमकं तेच उचललं. घाम, काटा, कंप, आवाजाचं फुटणं, चेहऱ्याचा रंग उतरणं, यातलं काहीही माणूस आपल्या मर्जीनं सहजी करू शकत नाही. म्हणूनच भरतमुनी म्हणतात की हे भाव एकाग्र झालेल्या मनातून उपजतात, भलतीकडे मन असलेल्या नटाला ते साधत नाहीत.

ग्रंथींच्या शास्त्रात आत्म्याचा शोध घेण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न झाला, आणि तो फसला कसा हे पाहण्यासारखं आहे. देकार्तनं आत्म्याचं मुख्य ठाणं मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीत मानलं. १६४९ च्या त्याच्या भावनांवरच्या ग्रंथात हे विस्तारानं आहे. त्याचं कारण साधं होतं: डोळे दोन, कान दोन, मेंदूचे भागही जोडीजोडीनं, पण आपल्याला दृश्य एकच दिसतं, तेव्हा कुठेतरी एकटा अवयव हवा. ती ग्रंथी इकडे-तिकडे कलते आणि त्या कलण्यानं आत्मा शरीराला हलवतो, असं त्याचं म्हणणं. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३ मध्येच त्याला पत्रातून विचारलं होतं की ज्याला आकारमान नाही असा आत्मा जड शरीराला ढकलणार कसा. मला आजही वाटतं की त्या प्रश्नाला देकार्तकडे उत्तर नव्हतं.

ग्रंथीच्या बाजूनं उत्तर दिलं नील्स स्टेन्सननं. लॅटिन नावानं तो स्टेनो. कोपनहेगनला १६३८ मध्ये जन्मलेल्या या माणसानं १६६० मध्ये मेंढीच्या डोक्याचं विच्छेदन करताना कानापुढच्या लाळग्रंथीची नळी शोधली. आजही आम्ही ती त्याच्याच नावानं शिकवतो. दोन वर्षांनी त्यानं अश्रुग्रंथीच्या नळ्या दाखवल्या आणि अश्रू मेंदूतून पाझरतात ही जुनी समजूत मोडली. १६६५ मध्ये पॅरिसला मेंदूवर व्याख्यान देताना त्यानं सांगितलं की पिनियल ग्रंथी आजूबाजूला पक्की बांधलेली आहे, ती देकार्त म्हणतो तशी कलूच शकत नाही. आता हा माणूस नास्तिक असेल असं कुणाला वाटेल. तो पुढे कॅथलिक झाला, १६७५ मध्ये धर्मगुरू, १६७७ मध्ये बिशप, आणि गरिबीत राहून १६८६ मध्ये वारला. १९८८ मध्ये त्याच्या चर्चनं त्याला 'धन्य' घोषित केलं. आत्म्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. म्हणूनच बहुधा त्याला आत्मा ग्रंथीत कोंबायची गरज वाटली नाही. शरीरशास्त्राच्या माणसांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो हाच.

पिनियल ग्रंथीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. ती अंतःस्रावी, म्हणजे नळी नसलेली, स्राव थेट रक्तात सोडणारी. वजन दीडशे मिलिग्रॅमच्या आत. वय वाढतं तसे तिच्यात खनिजांचे कण साठतात. १९५८ मध्ये एरन लर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या पिनियल ग्रंथींतून मेलाटोनिन वेगळं केलं. अंधार पडला की ते वाढतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. एवढं काम कमी नाही.

आपल्याकडे मात्र देकार्तचं भूत दुसऱ्या वेषात फिरतं. आज्ञाचक्र म्हणजे पिनियल किंवा पिट्यूटरी, विशुद्ध म्हणजे थायरॉईड, अनाहत म्हणजे थायमस, असे तक्ते योगवर्गांच्या भिंतींवर लावलेले मी पाहते. तक्ता लावणाऱ्याची श्रद्धा खरी असते, पण त्यानं चक्रांचा सन्मान होत नाही. मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये कुंडलिनी म्हणजे व्हेगस नर्व्ह असं मांडणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना होती तंत्रशास्त्राचे अभ्यासक जॉन वुड्रॉफ यांची, आणि त्यांनी त्या प्रस्तावनेतच आदरानं आपला मतभेद नोंदवला. त्याच्या कितीतरी आधी, तरुण दयानंद सरस्वतींनी नदीतून वाहत आलेलं प्रेत ओढून चाकूनं फाडलं, पुस्तकांत लिहिलेली चक्रं त्यात शोधली, ती सापडली नाहीत तेव्हा पुस्तकं प्रेताबरोबर नदीत सोडून दिली. त्यांनी हे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. त्यांच्या धाडसाला मी हात जोडते. खरं काय ते स्वतः पाहायचं, ही वृत्ती माझ्या विषयाचा पाया आहे. पण ध्यानाला बसलेल्या माणसासाठी काढलेला नकाशा सुरीनं तपासता येतो, हे त्यांनी गृहीत धरलं, आणि तक्ते लावणारेही तेच गृहीत धरतात. एकानं सुरीनं चक्र खोटं ठरवलं, दुसरा ग्रंथीनं ते खरं ठरवू पाहतो. दोघांनाही जागा हवी आहे.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला ग्रंथालयात मिळालं नाही. दोन रुग्णांमुळे मिळालं.

एका गृहस्थांचा चेहरा एका बाजूला लुळा पडला होता. फेशियल नर्व्हला सूज आली होती. काही महिन्यांत चेहरा बराचसा सुधारला, पण एक नवंच सुरू झालं. वरण-भाताचा पहिला घास तोंडात गेला की त्या बाजूच्या डोळ्यातून धार लागायची. घरात सून घाबरली. तिला वाटलं सासऱ्यांना काहीतरी सलतंय आणि ते बोलत नाहीत. फ. अ. बोगोरद या रशियन डॉक्टरनं १९२८ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. दुखावलेल्या नर्व्हचे तंतू पुन्हा वाढताना लाळग्रंथीकडे जाणारे काही तंतू वाट चुकून अश्रुग्रंथीत जातात. मग भूक लागली, वास आला, घास घेतला की निरोप लाळेऐवजी अश्रूंना मिळतो. तीच ग्रंथी, तेच पुंजके, तसंच खारट पाणी. आणि त्या गृहस्थांना कसलंही दुःख नव्हतं. उलट जेवण आवडल्याची ती खूण होती.

दुसऱ्या आमच्या नात्यातल्या काकू. त्यांना भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येत नसे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून डोळ्याचा ओलावा मोजतात. पट्टी ५ मिलिमीटरही भिजली नाही. हेन्रिक शेग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं १९३३ मध्ये वर्णन केलेला तो आजार होता. त्यांच्या ओठाच्या आतून लाळग्रंथीचा कण काढून तपासला होता. ती स्लाइड मी मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली. जिथे ग्रंथीचे पुंजके दिसायला हवेत तिथे शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी, लिम्फोसाइट, नळ्यांभोवती गर्द जांभळ्या दाटीनं बसल्या होत्या. आधी धुराचं आणि कांद्याचं पाणी आटलं. पुढे भावनेचंही. काका गेले तेव्हा काकू रडल्या नाहीत. ओसरीवर बसलेल्या बायकांत कुजबुज झाली. एकीनं तर मला ऐकू येईल असं म्हटलं, "दगड आहे बाई, दगड."

एका बाजूला शोकाशिवाय अश्रू, दुसऱ्या बाजूला अश्रूंशिवाय शोक. हे दोघे शेजारी ठेवले की "अश्रू म्हणजे नुसता ग्रंथीचा स्राव" हे म्हणणं टिकत नाही, कारण मग त्या गृहस्थांचं जेवण हाच शोक ठरेल. आणि "अश्रू म्हणजे आत्म्याचीच भाषा, शरीर केवळ निमित्त" हेही टिकत नाही, कारण मग निमित्त निकामी झालं म्हणून काकूंचा आत्मा मुका ठरेल. रडतो तो सबंध माणूस. ग्रंथी स्रवते. पहिल्या वाक्याचा कर्ता दुसऱ्या वाक्यात शोधायला गेलं की देकार्तच्या वाटेला लागलोच. म्हणून अण्णांना आज मी असं सांगेन: भक्तीचं पाणी म्हणजे वेगळं पाणी नव्हे, आणि भक्तीनं ग्रंथीला वेगळं काही करायला लावलेलं नाही. ते भक्तीचं झालं ते ज्या ऐकण्यात, ज्या ओढीत, ज्या नात्यात ते आलं त्यामुळे. आणि ग्रंथी नसती तर त्या ओढीला शरीरात उमटायला एक वाट कमी पडली असती, म्हणून ग्रंथीलाही तिचं श्रेय आहे. नवजात बाळ पहिल्या काही आठवड्यांत रडतं तेव्हा त्याचे डोळे जवळजवळ कोरडे असतात. ही वाट जन्मानंतर उघडते, हळूहळू, कुणाच्या तरी कुशीत.

हे मी नव्यानं शोधलं असं नाही. रूप गोस्वामींनी १५४१ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तिरसामृतसिंधू'त सात्त्विक भावांचं वर्गीकरण केलं, आणि त्याच्याच जोडीला सात्त्विकाभासांचंही. स्वभावानंच मन निसरडं असलेल्या किंवा सवयीनं रडू आणणाऱ्या माणसालाही अश्रू येतात, पण त्याच्या मागे सत्त्व नसतं, असा एक प्रकारच त्यांनी वेगळा काढला. चित्त जड असलं, खोल असलं तर आत मोठा भाव असूनही बाहेर फारसं दिसत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. भक्तीचा हा एवढा मोठा आचार्य अश्रूंना पुरावा मानायला तयार नाही. आणि तरीही तो अश्रूंना यादीतून काढून टाकत नाही. आमच्या हिस्टॉलॉजीच्या वर्गीकरणाशेजारी मी हे वर्गीकरण ठेवते तेव्हा मला दोन्हीकडे सारखाच काटेकोरपणा दिसतो. एक स्राव कसा होतो ते सांगतं, दुसरं तो कुणाच्या जगण्यात होतो ते. रूप गोस्वामींना ग्रंथी आटलेल्या भक्ताची कल्पना नव्हती. असती तर त्यांनी तोही रकाना आखला असता अशी माझी खात्री आहे.

काकूंच्या ओसरीवर मी त्या दिवशी होते. कुणीतरी काका कधी गेले ते विचारलं. काकूंनी "हे पहाटे" इतकं म्हटलं आणि पुढचा शब्द घशातून आलाच नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा नुसता श्वास आला. त्यांच्या दंडावर काटा उभा होता. आठांतले दोन भाव, स्वरभंग आणि रोमांच, तिथे सगळ्यांसमोर होते. स्वरयंत्राला जाणारी व्हेगसची शाखा आणि केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक स्नायूंना जाणारे तंतू, दोन्ही त्यांच्या आजारातून वाचले होते. दगड म्हणणाऱ्या त्या बाईला मी बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं, टीपकागदाच्या पट्टीपासून सुरुवात करून.